महादेवीचा डावा तळवा

या, अशा पुढं सरकून बसा. कीर्तनाला उशिरा आलेली माणसं चपलांपाशी कडेनं टेकतात आणि बुवा त्यांनाच आधी हाक मारून पुढं घेतात. तसंच समजा. आज मी एक आख्यान सांगणार आहे. त्यात राजा नाही, राक्षस नाही, शापही नाही. आठ वर्षांच्या पोरीची एक मिटलेली मूठ आहे, आणि ती उघडावी म्हणून हट्टाला पेटलेली एक बाई आहे. माझ्या हातात आज झांज नाही, तेवढं गोड मानून घ्या.

"व्यवसायोपचार म्हणजे काय हो बाई? आमच्या पोरांना धंद्याला लावता की काय?"

हे आमचे मुख्याध्यापक, अण्णाराव सर. सोलापुरात पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत मी तेव्हा तिसरीचा गुरुजी होतो. दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं, भाकरीला पुन्हा पांढरी ज्वारी मिळू लागली होती. सरांच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या बाई नागपूरला शिकलेल्या, सरकारी दवाखान्यात नोकरीला. विमल पिंपळखरे. काटकुळ्या, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला खाकी पिशवी.

"जेवणं, बटण लावणं, पाटीवर लिहिणं, मैत्रिणीशी खेळणं," बाई म्हणाल्या. "लहान मुलाचा हाच व्यवसाय, सर. ज्याला तो जमत नाही, त्याला जमवून द्यायचा."

"अन् जागा?"

"नकाशांची खोली चालेल मला."

"तिथं उंदरं आहेत."

"राहू द्या बाप्पा, त्यांना नाही हाकलत मी."

सरांना हसू फुटलं आणि खोली मिळाली. दर गुरुवारी दवाखान्यातलं काम आटपून बाई यायच्या. कुणाचे पाय बाकावरून लोंबकळत असतील तर खाली विटा ठेवायच्या. पेन्सिल धरता येत नसेल तर तिला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड करायच्या. मागावरच्या रिकाम्या कांड्या आणून त्या खिळ्यांवर ओवायला लावायच्या. पोरं त्यांना 'हाताच्या बाई' म्हणू लागली. पेठेतही तेच नाव पडलं.

महादेवी माझ्या वर्गातली. बाजारात ज्वारीचं दुकान असलेल्या सिद्धप्पांची धाकटी. तान्ही असताना मोठा ताप येऊन झटके आले, तेव्हापासून डावा हात कोपरात मुडपलेला, मूठ मिटलेली, अंगठा आत. पोर मात्र मोठी चलाख. तिला शाळेत आणायची तिची आजी निंगव्वा. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या चौकात, म्हणजे छोट्या डबीत, लिंग, आणि बोलणं असं की अर्धं मराठी, अर्धं कानडी.

बाईंनी महादेवीचा उजवा हात धरला. म्हणजे काय, तो चांगलाच होता, पण एकट्यानं सगळं करायला त्याला शिकवलं. मिटलेल्या मुठीचं वजन पाटीवर ठेवायचं, म्हणजे पाटी हलत नाही. बटण असं, पेटीचं झाकण असं. दिवाळीपर्यंत पोर आपली वेणीसुद्धा एका हातानं रिबिनीत अडकवू लागली. बाईंना कोण आनंद! त्यांनी मुद्दाम निंगव्वाला खोलीत बोलावलं.

महादेवीनं सगळं करून दाखवलं. म्हातारी बघत राहिली. मग तिनं नातीची मूठ आपल्या हातात घेतली.

"आन् ह्यो?"

"त्याची आता तशी गरज पडणार नाही, आजी. सगळं उजव्यानं होतंय ना?"

निंगव्वा उठली. पोरीची पिशवी उचलली, पोरीला उठवलं. दारातून वळून एवढंच म्हणाली, "बाई, तुमी लई केलंत. पर आमच्या घरात ज्या हाताचं काम हाय, त्योच हात तुमी सोडून दिला की."

पुढच्या गुरुवारी महादेवी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्गातसुद्धा नाही.

"माझं काय चुकलं, गुरुजी?" बाईंनी मला विचारलं. मी वैरागकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. लिंगायत शेजाऱ्यांत राहून मला थोडं ठाऊक होतं, पण वाटलं, सांगण्यापेक्षा दाखवावं. म्हणालो, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला."

आम्ही महादेवीच्या घरी पोचलो तेव्हा निंगव्वा पूजेला बसली होती. आम्ही उंबरठ्याबाहेरच थांबलो. गळ्यातलं लिंग काढून तिनं डाव्या तळव्यावर ठेवलं होतं. उजव्या हातानं पाणी घातलं, विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं. मग तो तळवा डोळ्यांसमोर धरून ती नुसती बघत राहिली. हात हलेना, पापणी लवेना. हजार माणसांच्या कीर्तनात बुवांनी एकदम आवाज खाली आणावा आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी, तसं झालं ते घर. आजीशेजारी महादेवी बसली होती. उजव्या हातानं आपली डावी मूठ धरून, तीही तशीच बघत होती. मिटलेल्या मुठीकडे.

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

पूजा आटोपल्यावर निंगव्वानं आम्हाला आत घेतलं. शिवरात्रीला घरातल्या तीन पोरींची दीक्षा होती. दोन महादेवीच्या चुलतबहिणी, तिसरी ती. मठातले स्वामीजी डाव्या तळव्यावर लिंग देणार. उजव्यावर दिलं तरी स्वामीजींची ना नव्हती. पण पोरच ऐकेना.

"मला अव्वावानी पायजे," महादेवी आजीकडं बघत म्हणाली. "डाव्यावर."

"तिला दीक्षा देऊ नका म्हनत न्हाय मी," निंगव्वा म्हणाली. "पर तिच्या बहिनी उघडा हात धरून बसतील, आन् ही मूठ घिऊन बसंल. मग रडंल. त्यापरीस शाळा नगं, काय नगं, घरातच ऱ्हाऊ दे."

बाई जमिनीवर पोरीसमोर बसल्या. "चुकले मी, आजी. हात कशाला हवा, हे विचारायच्या आधीच मी हात निवडला. आम्हाला शिकवतानाच सांगतात, आधी विचारा. मी नाही विचारलं."

"आता इचारून काय?"

"शिवरात्रीपर्यंत प्रयत्न करते. पूर्ण उघडेल असं खोटं सांगणार नाही. पण मी सोडणार नाही."

"तुमी सोडनार न्हाय. सरकार सोडतंय व्हय तुमास्नी? आज हितं, उद्या तितं."

बाई हसल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येऊ लागला. थप, थप, थप. महादेवीची आई भाकरी थापत होती. बाई उठल्या आणि थेट चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. परातीतल्या पिठावर सपाट पडणारा तो तळवा त्या बघत होत्या. हवं ते काम सापडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

पुढच्या गुरुवारी नकाशांच्या खोलीत परात आली. पाठोपाठ निंगव्वा, ज्वारीचं पीठ आणि कोमट पाणी.

"शाळा आहे का खानावळ?" अण्णाराव सर दारात.

"सर, भाजी तेवढी नाहीये," बाई म्हणाल्या. "ती तुम्ही आणा."

भाकरी थापणं हे नुसतं निमित्त. खरं काम त्याच्या आधीचं. बाई मला आणि निंगव्वाला सांगायच्या, "बोटं ओढायची नाहीत. ओढली की मूठ आणखी घट्ट होते. आधी खांदा सैल, मग कोपर, मग मनगट. अंगठा मुळापासून बाहेर आणायचा. बोटं मग मागून येतात, शहाण्या पोरांसारखी." महादेवीला गुडघ्यांवर बसवून, हात जमिनीवर टेकवून, अंगाचा भार सावकाश त्या हातावर सोडायला लावायच्या. मग ऊबदार पिठाचा गोळा. मग थापणं. रात्री झोपताना हाताला बांधायला एक फळी करून दिली, तिच्यावर मऊ फ्लॅनेल. घरी रोज निंगव्वा करायची, बाई गुरुवारी बघायच्या.

एक अडचण होती. पोर उत्साही. "बघा, बघा!" म्हणाली की हात झटकन मिटायचा. आनंद झाला तरी मिटायचा, भीती वाटली तरी मिटायचा.

"हिचं मन सावकाश चालायला हवं," बाई म्हणाल्या. "ते कसं करावं?"

हे माझं खातं. मी म्हणालो, "बाई, कीर्तनाला येता का कधी? बुवा उभे राहिले की लगेच गायला लागत नाहीत. आधी नुसती लय धरतात. संथ. लोकांचा श्वास त्या लयीवर येऊन बसला की मग शब्द." मी खडूचा रिकामा डबा उलटा घेतला आणि त्यावर लय धरली. थप... थप... थप... निंगव्वानं मान डोलावली, "निधान, यव्वा, निधान," म्हणजे हळू गं पोरी, हळू. महादेवीचा खांदा खाली आला. तिनं त्या लयीत पिठावर हात ठेवला, आणि मूठ अर्धी सुटली.

त्या दिवशी बाईंनीही भाकरी थापायला घेतली. उचलताना तिचे तीन तुकडे झाले.

"बाई, तुमाला न्हाय येत?" महादेवीनं डोळे मोठे केले.

"नाही बाप्पा. मी खानावळीत जेवते."

"मग या की माज्याजवळ बसा. मी शिकीवते."

पौषात निंगव्वाचं म्हणणं खरं झालं. बाईंची बदली पार दूर चांद्याकडे झाली. दवाखान्यातली ती जागाच रद्द होणार होती. त्यांनी माझ्याकडे येऊन एकच प्रश्न विचारला, "शिवरात्र किती तारखेला?" मग साहेबांकडे गेल्या. रजा नाही म्हणाले, तर बिनपगारी मागितली. साहेब म्हणाले, "एका पोरीच्या हातासाठी?" बाई म्हणाल्या, "हो." साहेबांनी अर्जावर सही केली.

शिवरात्रीची सकाळ. सिद्धप्पांच्या घरी पुढच्या खोलीत शेजारपाजार जमलेला. न्हालेल्या तीन पोरी ओळीनं बसलेल्या, कपाळाला विभूती. मी आणि बाई उंबरठ्यापाशी. आतली जागा घरच्यांची, शेजाऱ्यांची.

पहिल्या पोरीच्या तळव्यावर लिंग दिलं. दुसरीच्या दिलं. स्वामीजी महादेवीसमोर आले.

तिनं हात पुढं केला आणि तो मिटला. सगळे बघतायत म्हटल्यावर आणखी घट्ट, अंगठा आत, बोटं पांढरी. पोरीचा चेहरा कसानुसा झाला.

"उजव्यावर द्या की स्वामी," तिचा काका कल्लप्पा म्हणाला. "देवाला काय उजवं आन् डावं?"

स्वामीजींनी पोरीला विचारलं, "काय गं, उजव्यावर घेतीस?"

तिनं मान हलवली. ओठ दाबलेले. नाही.

बाई अर्ध्या उठल्या. मला वाटलं, आत जातात आता. पण त्यांनी उंबरठा बघितला, आणि परत बसल्या. मांडीवर तळवा ठेवला, उचलला, ठेवला. थप... थप... थप... मी त्यात मिळालो. आतून निंगव्वानं जमिनीवर हातानं ठेका धरला. मग तिची सून, मग शेजारच्या बाया. कल्लप्पासुद्धा. देवाशपथ सांगतो, आयुष्यभर कीर्तनं ऐकली, एवढी एकसंध टाळी मी ऐकली नाही. स्वामीजी डोळे मिटून थांबले होते. त्यांना कसली घाई नव्हती.

महादेवीचा खांदा उतरला. मग कोपर. मग मनगट. अंगठा बाहेर आला, आणि त्याच्या मागून बोटं.

तळवा सपाट झाला नाही. तो कधीच झाला नाही. बोटं वर वळलेली, मध्ये खोलगट, वाटीसारखा. स्वामीजींनी लिंग त्यात ठेवलं, आणि ते जागेवर बसलं. बाकीच्या दोघींचे उघडे हात थरथरत होते. महादेवीचा हात हलत नव्हता. तिनं तो डोळ्यांसमोर धरला आणि बघत राहिली, आजीसारखी.

टाळी कधी थांबली कळलं नाही. बाईंचा हात मात्र मांडीवर तसाच खालीवर होत होता, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर निंगव्वा नातीला घेऊन आली. बाईंच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली. अजून गरम होती. बाईंनी फडकं उघडून बघितलं. भाकरी एका अंगाला पातळ, एका अंगाला जाड होती. जिथवर डावा तळवा पुरता पोचत नव्हता, तिथं जाड.

"एकलीनं केली," महादेवी म्हणाली. "पर तुटली न्हाय."

बाईंनी भाकरी फडक्यात नीट गुंडाळून खाकी पिशवीत सगळ्यात वर ठेवली. गाडी सुटली तेव्हा पोरीनं हात हलवला. कुठला, ते मी सांगायला नको.

बाईंच्या जागी कुणी आलं नाही. त्या खोलीत पुन्हा नकाशे लागले, विटा कुणीतरी न्हाणीघराला नेल्या. बाईंचा फोटो कुठं नाही, शाळेच्या भिंतीवर नाव नाही. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं. बुवा शेवटी पदर पसरतात, तसा मी पसरतो. सकाळी कुणाच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला, तर घटकाभर थांबा, आणि मनातल्या मनात नाव घ्या. विमल पिंपळखरे. हाताच्या बाई.