पन्हळीचं तोंड

"भिंत कुठं ओली हाय ते मला नका सांगू. ते तर कुणालाबी दिसतंय. पाणी कुठून आलं ते सांगा."

नासेर सर हे पहिल्या दिवशी म्हणाले आणि नंतर जवळजवळ रोज म्हणत राहिले. ते हिंगोलीचे. त्यांच्या घराण्यात चुन्याचं काम, आणि ते स्वतः शिकून जुन्या इमारतींचे जाणकार झालेले. गावोगावच्या जुन्या देवळांची पाहणी गावच्याच माणसांनी करावी, म्हणून त्यांनी शिकवणीचे वर्ग लावले होते. पुसेगावजवळच्या आमच्या गावातून कुणाला पाठवायचं असं निघालं तेव्हा लोकांनी माझं नाव घेतलं. गाभाऱ्यात रोज जाणारी मीच. सकाळी महादेवाला तांब्याभर पाणी घातल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही. माहेरापासूनचा नेम आहे. शिवाय आमचे हे गेल्यापासून मला दुसरं काम उरलं नाही, असंही लोकांना वाटत असावं. मलाही तसंच वाटत होतं.

टेप धरायला शिकले. ओळंबा सोडायला शिकले. भिंतीच्या फटीवर काचेची पट्टी आडवी चिकटवून ठेवायची. तडकली तर फट अजून वाढते आहे, शाबूत राहिली तर थांबली आहे. आमच्या देवळातली पट्टी शाबूत राहिली. भिंत हलत नव्हती, नुसती भिजत होती.

हे काम मला बरं पडलं. मोजताना कुणी 'आता कसं वाटतं' असं विचारत नाही.

आमचं देऊळ काळ्या दगडाचं, पण गाभाऱ्यात दगड फारसा दिसत नाही. खाली पांढरी फरशी आणि भिंतींनाही कमरेपर्यंत तीच. ती माझे सासरे संतराममामा यांनी घातली, लेकाच्या नावानं. उत्तरेच्या भिंतीवर खालच्या बाजूला संगमरवरी पाटी बसवली आहे: 'कै. विश्वंभर संतराम यांच्या स्मरणार्थ'. नाव मी अजून तोंडानं घेत नाही. सासूबाई मंजुळाबाई, माझ्या आत्या, दर सोमवारी पदरानं ती पाटी पुसतात.

फरशीच्या वर दगडाला लोणा लागला होता. पांढरी बुरशीसारखी पूड यायची आणि बोट लावलं की दगडाचे पापुद्रे सुटायचे. मी कागदावर लिहिलं की छत गळतं.

"उन्हाळ्यात छतातून काय गळून राहिलं?" सरांनी विचारलं.

मी ती ओळ खोडली.

ते देवळात आले तेव्हा चपला दूर काढून उंबऱ्याशी थांबले. मी म्हटलं, "सर, आत या ना."

"तुमचा महादेव काही म्हणणार न्हाई, मिनाबाई. तुमच्या सासूबाईंचा भरवसा न्हाई."

आत्या सभामंडपात वाती वळत बसल्या होत्या. "मी काहून म्हणीन? या की," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पाय तेवढे धुवा."

सर मोठ्यानं हसले, पण उंबरा ओलांडला नाही. "आतलं तुमीच बघा. डोळ्यानं न्हाई, तळहातानं. खालून वर या."

मी हात लावला. फरशीच्या काठाशी दगड गार होता, वर जावं तसा कोरडा होत गेला. पाणी खालून चढत होतं. कितीतरी दिवसांत मला कशाचा गारवा असा जाणवला नव्हता.

सर म्हणाले, पाण्याला रंग द्या आणि कुठं निघतं ते बघा. आमच्या घरात हळदीला तोटा नाही. पण पिंडीला हळद वाहत नाहीत. पिंडीवर मी रोजचं साधं पाणी घातलं आणि हळदीचं पाणी खाली, पिंडीच्या बैठकीच्या, साळुंकेच्या पन्हळीत सोडलं. ही पन्हळ पूर्वी उत्तरेच्या भिंतीतून बाहेर निघायची. बाहेर जाऊन पाहिलं. तिचं तोंड सिमेंटनं लिंपलेलं, ठणठणीत कोरडं.

ते बुजवल्याचं मला ठाऊक होतं. महादेवाच्या पाण्याची वाट ओलांडायची नसते, म्हणून आमच्याकडं प्रदक्षिणा अर्धी. पन्हळीपाशी जायचं आणि मागं फिरायचं. फरशीचं काम निघालं तेव्हा बायका म्हणाल्या, ते तोंडच बुजवा, म्हणजे सगळी प्रदक्षिणा होईल. सगळ्यांना पटलं. पाणी मग जाईल कुठं, हे कुणाच्या मनात आलं नाही. त्या दिवसांत मी खांबाला टेकून बसलेली असायची. ऐकत होते, एवढंच आठवतं.

मी सकाळी पाणी घालत राहिले. काही दिवसांनी हळद दिसली. फरशीच्या सांध्यांतून आणि सगळ्यात जास्त पाटीभोवती. बुजवलेल्या पन्हळीच्या नेमकी आतल्या बाजूला पाटी बसवली होती. तिच्या चारही कडांना पिवळी रेघ उमटली होती, नवरदेवाला लावतात तशी.

मला काही वाटलं नाही. मी टेप लावून रेघ मोजून घेतली.

"औषध सोपं हाय," सर उंबऱ्यातून म्हणाले. "पाटी काढा, फरशी काढा, तोंड मोकळं करा. भिंतीला सुकू द्या. मग चुना, सिमेंटचं नाव न्हाई. असंच ऱ्हायलं तर दगड सुटत जातील, आणि वरच्या शिखराचं वजन मग धरावं कुणी?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरी मात्र तुमीच सांगा."

गावानंही तेच म्हटलं. फरशी संतरामच्या पोराच्या नावची, संतराम म्हणेल तसं.

मामा ओट्यावर बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे तू सून म्हणून सांगून राहिली, का साहेब म्हणून?"

"पाणी भिंतीत चाललंय, मामा."

"नासेरनं शिकवलं का तुला? पोराचं नाव पुसायला?"

मी म्हटलं, "एकदा चला."

ते आले. गाभाऱ्यात खाली बसले. मी त्यांचा हात धरून पाटीच्या वरच्या दगडावर ठेवला. त्यांनी तळहात तसाच राहू दिला. काढला तेव्हा त्याला ओली पूड चिकटली होती. ती त्यांनी धोतराला पुसली नाही, नुसती बघत राहिले.

"कवापासून?"

"तोंड बुजवलं तवापासून."

"म्हंजी आपून रोज पाणी घालून राहिलो, आन् ते समदं त्याच्या नावामागं."

"व्हय."

ते उठेनात. मी बाजूला उभी राहिले. सभामंडपातून आत्यांचा आवाज आला, "मग माझी प्रदक्षिणा?"

"अर्धी, आत्या. पहिल्यासारखी."

"अर्धीच तर अर्धीच," त्या म्हणाल्या. वाती वळणं त्यांनी थांबवलं नव्हतं.

घरी येताना वाटेत मामा म्हणाले, "काढा. पण लालसिंगला नका सांगू. त्याचा घण पाटीला बघणार न्हाई. नाव फुटलं तर मला ते बघवायचं न्हाई."

लालसिंग गावातला गवंडी. त्यानंच ती बसवली होती.

"मी काढीन," मी म्हटलं. "अख्खी घरी आणीन."

"आणशील?"

"आणीन, मामा."

पाटी कशी सोडवायची ते सरांनी दाखवलं होतं. सांध्यात करवतीचं पातं चालवायचं, कडेनं कडेनं, मग लाकडाच्या पाचरी. जोर लावायचा नाही. ती आपण होऊन सुटेपर्यंत थांबायचं.

आज सोमवार. पहाटे अंघोळ केली, तांब्या भरला. पाणी आज पन्हळ मोकळी झाल्यावरच घालायचं ठरवलं आहे, म्हणून तोवर तोंडात काही नाही. पिशवीत पातं ठेवलं, पाचरी ठेवल्या, तोंडावरचं सिमेंट काढायला छिन्नीही. पाटी गुंडाळायला काय घ्यावं ते सुचेना. मग ट्रंकेतून यांची शाल काढली. ती कशाला लागेल म्हणून ठेवली होती, कुणास ठाऊक.

आत्या चुलीपाशी होत्या. "चहा?"

"आल्यावर."

मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाय तेवढे आत घेतले, मला वाट द्यायला. मी पिशवी खांद्याला लावली, तांब्याचं तोंड हातानं झाकलं आणि पाणी सांडू न देता देवळाकडं निघाले.