दोरीवरच्या पोळ्या

गुणाजीच्या तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी तुळसा बापाची पानतंबाखूची चंची आणायला कोपरीच्या रबराच्या कारखान्यात गेली. साल १८९३, वैशाखातलं ऊन. दारातच तिच्या कानांवर शब्द पडले, "म्हाताऱ्याचा हात चुकला. गंधक जास्त पडलं."

बोलत होते कारखान्याची देखरेख करणारे हरिहरपंत. गुणाजीनं शेवटच्या दिवशी मळलेलं बरंच रबर साच्यात जाण्याआधीच शिजून कडक झालं होतं. मालकांना तसं कळवायचं म्हणून पंतांनी कागद पुढ्यात ओढला होता.

वीस वर्षं बापानं याचीच धास्ती बाळगली होती. भाकरी घेऊन येणाऱ्या तुळसानं ते रोज पाहिलं होतं. फिरत्या रुळांमध्ये रबर मळायचं, निवू द्यायचं, गंधक अगदी शेवटी घालायचं आणि लाटलेली एकेक पोळी दोरीवर सुटी टांगायची. "गुणाजीचं धुणं वाळतंय," गडी हसत. तो म्हणे, "गंधक घातलेल्या रबराच्या पोटात ऊब राहिली की ते साच्याआधीच आपसूक शिजतं गं."

आज दोरी रिकामी होती. त्या शेवटच्या दिवसाच्या पोळ्यांची चळत कोपऱ्यात तशीच पडली होती. तुळसानं वरची पोळी नखानं दाबली. नख रुतलं. तळची दाबली, तीही मऊ. मधल्या मात्र चामड्यासारख्या ताठ.

"पंत, दाबून बघा. गंधक जास्त असतं तर सगळ्याच ताठ झाल्या असत्या. या गरम असतानाच रचल्यात, मधल्यांची ऊब आतच राहिली."

पंतांनी दाबून पाहिल्या. "रचल्या कुणी?"

गुणाजीचा जोडीदार धाकू खाली बघत पुढं आला. "मी. दादा कोसळला. हाताला आल्या तशा टाकल्या नि त्याला पाठीवर घेऊन पळालो. मागनं सांगायची छाती झाली नाय."

"म्हणजे चूक तुझी."

"पंत," तुळसा म्हणाली, "तो टांगत बसला असता तर बाबा इथंच गेले असते. त्यानं घरी आणलं, म्हणून मला त्यांच्या तोंडात पाणी घालता आलं. चार पोळ्या गेल्या. जाऊ द्या."

पंतांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "मऊ आहेत तेवढ्या आज साच्यात घाला. आणि धाकू, नव्या पोळ्या दोरीवर."

"धुणं म्हणून हसाल तर बघा," धाकू गड्यांकडे बघून पुटपुटला आणि त्यानं डोळे पुसले.

तुळसानं दोरीचं सैल झालेलं टोक खुंटीला ओढून बांधलं. चंची घेतली आणि जाता जाता धाकूच्या पायांना हात लावला.