वरच्या मजल्याचा जबाब

विमा कंपनीच्या सर्वेअरने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने भिंतीवरची काजळी खरवडली. वितळून चिकटलेल्या बोर्डाचा एक तुकडा सुटून त्याच्या बुटावर पडला. त्याने तो चिमटीत धरून पिशवीत टाकला, पिशवीवर तारीख लिहिली आणि न वळताच विचारलं,

"ही वायरिंग कधीची, काका?"

"घराबरोबरची," मापवाले म्हणाले. "मधे दुरुस्त्या झाल्यात."

वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. पारड्याच्या बुडाला मेण चिकटवणारे किती दुकानदार त्यांनी पकडले याची गणती नव्हती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना मापवालेच म्हणत. नोकरीत असतानाच बांधलेल्या या घरात खाली ते आणि त्यांची बायको राहत. वरचा मजला एका नर्सला भाड्याने दिला होता. ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. भावाला लहानपणापासून फिट्स यायच्या. गोळी घेतली की तो असा झोपायचा की कानाशी ढोल वाजवला तरी कूस बदलायचा नाही.

नऊ दिवसांपूर्वी सकाळी साडेदहाला आग लागली तेव्हा तो असाच झोपलेला होता. आगीच्या बंबावरच्या माणसांनी त्याला दारापाशी पालथा पडलेला पाहिला. दाराची कडी काढायला चार पावलं कमी पडली होती.

आता छताचे पत्रे वाकून मधोमध आभाळ दिसत होतं. शेजारच्या भिंतीला लागून बाइंडरचं दुकान होतं. त्याचे कागदाचे गठ्ठेही राख झाले होते आणि बाइंडर दोनदा दारात येऊन ओरडून गेला होता.

"तुमची पॉलिसी चांगली आहे," सर्वेअर म्हणाला. "घर आहे, शेजाऱ्याचं नुकसानही आहे. पण मालकाला दोष माहीत होता आणि त्याने हयगय केली असं निघालं, तर कंपनी हात वर करते. मग बाइंडरही तुमच्याच माथी."

मापवाल्यांनी फक्त मान हलवली.

जिन्यावर पावलं वाजली. नर्स वर आली आणि उंबरठ्याच्या जागी थांबली. दार उरलंच नव्हतं, तरी ती आत यायची परवानगी असल्यासारखी बघत राहिली. मग भिंतीला हात न लावता कडेकडेने आली.

सर्वेअरने आवाज हळू केला. "बसायला काही नाही, ताई. दोनच प्रश्न. वायरिंगची कधी तक्रार होती?"

"एकदा बोर्ड चटचट वाजत होता. काकांनी दुसऱ्याच दिवशी वायरमन पाठवला."

"आणि त्याने काम पूर्ण केलं?"

प्रश्न नर्सला होता, पण सर्वेअर मापवाल्यांकडे बघत होता.

"केलं," मापवाले म्हणाले.

वायरमनने एक स्क्रू आवळला होता आणि खाली उतरताना म्हणाला होता, सगळी लाइन काढा काका, आतून वाळून कडक झालीय. मापवाल्यांनी पुढच्या महिन्यात बघू म्हटलं होतं. त्याला आता सात महिने झाले होते.

"विचारायचं कशाला," नर्स एकदम म्हणाली. "इस्त्री चालू राहिली माझ्याकडून. उशीर झाला होता. युनिफॉर्मला इस्त्री केली आणि तशीच पळाले. बटण बंद केलं का, ते आठवतच नाही. रोज डोळे मिटून बघते मी. हात बटणापर्यंत जातो, पुढचं दिसत नाही."

"इस्त्री सापडली का?"

"त्या ढिगात असेल. ढिगारा दुसऱ्याच दिवशी उचलून नेला."

सर्वेअरने लिहून घेतलं. कंपनी काकांना भरपाई देईल आणि नंतर ती रक्कम तिच्याकडून मागू शकेल, हे त्याने तिला नीट समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण समोरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघत. तिथे भावाची खाट होती.

"मागू दे," ती म्हणाली.

मापवाले खाली आले तेव्हा बायको भांडी विसळत होती. पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी सांगितलं, "इस्त्रीनं लागली. तिनं स्वतःच कबूल केलं."

नळ बंद झाला.

"कुठली इस्त्री?"

"तिची. दुसरी कुठली?"

बायकोने हात पुसले. कपाटाचं खालचं दार उघडलं आणि निळ्या मुठीची इस्त्री ओट्यावर ठेवली. "आपली बिघडली म्हणून मी तिच्या भावाकडे मागून ठेवली होती. ती कामाला गेली आणि लगेच तो घेऊन आला. पावणेआठ वाजले असतील. अहो, त्या गडबडीत माझ्या मनातूनच गेलं."

मापवाले स्टुलावर बसले. इस्त्रीची वायर नीट गुंडाळलेली होती. त्यांनी विचारलं,

"कुणाला बोललीस?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात असा प्रश्न तिने पहिल्यांदाच ऐकला होता.

"तिला वाटतंय की तिनं भाऊ जाळला," ती म्हणाली.

"सांगून तो परत येणार आहे? आपण या वयात कुठे जायचं? बाइंडर अंगावरची कातडी सोलून घेईल." ते थांबले, मग हळू म्हणाले, "तरुण आहे ती. नोकरी आहे. निभावेल."

बायकोने इस्त्री उचलून परत कपाटात ठेवली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्स आली. हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर तिची सोय झाली होती. उरलेल्या सामानाची एक गोणी खोलीच्या कोपऱ्यात होती, ती न्यायची होती. सर्वेअरने लिहून घेतलेल्या जबाबाचा कागद टेबलावर होता. त्यावर तिची सही झालेली होती, मापवाल्यांची बाकी होती. ते हातात पेन घेऊनच बसले होते.

"काका," ती उभ्याउभ्याच म्हणाली, "तुमचं घर मी जाळलं. माफ करा असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू?"

"झालं ते झालं," मापवाले म्हणाले. "तू मनाला लावून घेऊ नकोस. आमचा काही राग नाही."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. बायको बाहेर आली. तिचे हात ओले होते आणि ते तिने पुसले नाहीत.

"तू नाही जाळलंस," ती म्हणाली. "इस्त्री माझ्याकडे आहे. तू गेल्यावर त्यानं खाली आणून दिली. वर नव्हतीच ती."

नर्सला समजायला वेळ लागला. तिचा उजवा हात किंचित पुढे आला, अंगठा काहीतरी दाबल्यासारखा हलला आणि तिथेच थांबला. मग ती गोणीवर बसली.

मापवाल्यांनी पेन टेबलावर ठेवलं. ते घरंगळत कडेपर्यंत गेलं आणि खाली पडलं. कुणी उचललं नाही. आता ती बोर्डाचं विचारेल, असं वाटून ते वाट बघत राहिले.

"तो खाली आला होता?" तिने विचारलं.

"हो."

"काय म्हणाला?"

बायको तिच्यासमोर जमिनीवर बसली. "म्हणाला, काकू, जपून धरा, ताईनं आत्ताच बंद केलीय, अजून तापलेली आहे. मी म्हटलं, थांब, चहा टाकते. तर म्हणाला, नको, गोळी घेतलीय, जिन्यात झोप लागली तर तुम्हालाच उचलावं लागेल. आणि हसला."

"हसला?"

"हसला. कठड्याला धरून वर गेला. मी थांबवलं नाही गं त्याला. एक कप चहा काही जड नव्हता मला."



"वायरमननं सगळी लाइन बदलायला सांगितली होती," मापवाले म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "मी बदलली नाही. कंपनीला तसं लिहून देतो मी."

नर्सने मान वर केली नाही. बायकोचे ओले हात तिने आपल्या हातात घट्ट धरले होते.

"परत सांगा, काकू," ती म्हणाली. "तो दारात आला तिथपासून."