दोन चमचे तेल

चमचा स्टीलचा, दांडा किंचित वाकलेला, आणि कडेवर कोरलेले आकडे आता जवळजवळ पुसले गेलेले – शिल्पाने तो रुमालातून काढून अंगठ्याने घासून पाहिला. पाच मिलिलिटर. एवढंच मावतं ह्यात, वर एक थेंब नाही, आणि एवढ्याशा ह्या खळग्यावर आपण आठ वर्षं उभ्या आहोत, हा विचार तिला ह्या क्षणी हास्यास्पद वाटला नाही, उलट बरा वाटला. किलोभर वांग्यांच्या भरिताला दोन चमचे तेल. खानदेशात हे म्हणायचं म्हणजे... पहिल्या वर्षी लोकांनी काय काय लिहिलं होतं तिच्या ब्लॉगवर. ‘ताई, हे भरीत की औषध?’ आता तेच लोक करून फोटो पाठवतात.

गाडीने अमळनेर सोडलं होतं. समोर आई बसलेली, कलाबाई, भुसावळहूनच चढून आलेली. जळगावला शिल्पा डब्यात शिरली तेव्हा तिने लेकीसाठी खिडकीजवळची जागा पिशवी ठेवून धरली होती. मी येऊ का गं तुझ्यासोबत, पाहू तरी तू काय करती, असं तिने परवा फोनवर विचारलं, आणि शिल्पाच्या तोंडून ‘ये ना’ निघायला जरा वेळ लागला होता. किती? दोन सेकंद? आईने ते मोजले असणार. आई सगळं मोजते, फक्त बोलून दाखवत नाही.

शिल्पा जळगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. वीस वर्षं. रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं कागद उलटासुलटा करतात आणि काचेपलीकडून विचारतात, ‘मॅडम, मग आता खायचं काय?’ – ह्या प्रश्नातूनच ब्लॉग निघाला, असं तिने पहिल्याच लेखात लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. त्याच्याआधीचं मात्र तिने लिहिलं नव्हतं. वडिलांचं, वाल्मीक मास्तरांचं रक्त तिने स्वतःच्या हाताने तपासलं होतं, पहिल्या ॲटॅकनंतर आणि दुसऱ्यानंतरही. रेल्वेच्या शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांचा तो दणकट दंड, आणि नस सापडत नव्हती. डॉक्टरांनी मटण बंद सांगितलं, तेव्हा ते एकटेच वेगळं जेवतील म्हणून तिनेही सोडलं. ते गेले, आणि मग तिला ते परत धरावंसं वाटलं नाही. नवस नाही, व्रत नाही. नुसतं राहून गेलं, आणि राहता राहता आवडू लागलं. भाज्यांमध्ये एवढं काही आहे, हे तिला चाळिशीत कळलं.

ह्यातलं ब्लॉगवर काहीच नव्हतं. ब्लॉगवर ती ‘आपण’ लिहायची. आपण ज्वारी अशी भिजवतो, आपल्याकडे अंबाडी अशी करतात. आडनाव नाही. आणि वाचणाऱ्यांनी त्या ‘आपण’मध्ये आपापलं घर भरून घेतलं. ‘सात्त्विक घरातले संस्कार लपत नाहीत हो,’ असं नाशिकच्या एका बाईने लिहिलं, तेव्हा शिल्पाने खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. खोटा असा एक शब्दही मी आठ वर्षांत लिहिलेला नाही – हे ती स्वतःला अभिमानाने सांगायची. पण मग ते सांगावं का लागायचं...

दिवाळीत शिल्पाच्या मुलीने, प्राचीने, आजीला सगळा ब्लॉग वाचून दाखवला, दुपार-दुपारभर. आईने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “समदं बरं लिहिलं व माय. पण हे घर कोनाचं लिहू राहिली तू?”

शिल्पा हसली होती. तिला तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं होतं.

दोंडाईचा स्टेशनवर कोकिळा आली होती, गोल चेहऱ्याची, सारखी फोनकडे बघणारी. ही वच्छलाबाईंची सून. वच्छलाबाई म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या शेतकरी बाई, ज्यांना कोकिळा रोज संध्याकाळी ब्लॉग वाचून दाखवते आणि ज्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर दहावरून सातवर आली. त्या रिपोर्टचा फोटो शिल्पाच्या फोनमध्ये आहे. उगाच, अधूनमधून बघायला. त्यांच्याच बोलावण्यावरून आज गल्लीतल्या बायकांसमोर ती भरीत करून दाखवणार होती.

दारातच वच्छलाबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. “मनी साखर उतरनी, बेटा. तुनं लिखेल आयकीसन.” मग कलाबाईंकडे वळून, “आनि तू हिनी माय? तुना तं आम्ही बठ्ठास्नी पाया पडाले पाहिजे.” आईने नुसता पदर सारखा केला.

पोहे आले, चहा आला. अंगणात तीस-पस्तीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ आधीच पेटवलेला, बामणोदची हिरवी वांगी त्यावर तडतडत होती, आणि तो वास नाकात गेला तशी शिल्पा तिच्या नेहमीच्या जागी आली – त्या आतल्या जागी, जिथे तिला सगळं येतं. वांगी भाजली की लगेच झाकायची, वाफेत ती स्वतःच्याच पाण्यात मऊ होतात. मिरच्या त्याच जाळावर. लसूण काठवटीत ठेचायचा. आवाज न चढवता ती बोलत होती आणि बायका पुढे सरकत होत्या. तेलाचा चमचा तिने दोनदा उंच धरून दाखवला तेव्हा हशा पिकला, तिलाही हसू आलं. मग तिने भाजलेले शेंगदाणे घेतले, जाडसर ठेचले आणि गरम वांग्यात घालून मिनिटभर झाकून ठेवले. दाण्यांना तेल सुटलं. भरिताला ती चकाकी आली, जी लोक वाटीभर तेल ओतून आणतात.

“हे कसं सुचलं तुम्हाला?” एका मुलीने विचारलं. “लॅबमुळे?”

ब्लॉगवर तिने लिहिलं होतं, ‘प्रयोग करता करता एकदा लक्षात आलं’. हात काठवटीतच होता. दुसऱ्या रांगेत आई, गुडघा उभा करून बसलेली, काठवटीकडे बघत होती, शिल्पाकडे नाही. आणि शिल्पाला एकदम भुसावळच्या क्वार्टरमधला तो ओटा दिसला, आईचं मनगट, दाणे ठेचताना बांगड्या कोपराकडे सारणारा हात. आपण हे कधी विसरलो? विसरलो नव्हतो. फक्त त्या ओट्यावर आणखी जे जे शिजायचं ते दिसू नये म्हणून आख्खा ओटाच बाजूला ठेवला.

“सुचलं नाही,” ती म्हणाली. “हे माझ्या आईचं आहे. ती समोर बसली आहे.”

बायका वळल्या. कोकिळाने आनंदाने फोन आईकडे धरला. ती सगळ्याचंच रेकॉर्डिंग करत होती. “मावशी, म्हणजे तुमच्याकडे पहिल्यापासूनच शाकाहारी? पिढ्यान्पिढ्या?”

आईने फोनकडे पाहिलं. मग तिने मान वळवली आणि लेकीकडे पाहिलं. त्या बघण्यात ना आग्रह होता ना दटावणी. उत्तर माझ्याजवळ आहे, पण दुकान तुझं आहे, तू दे – असं काहीतरी.

“नाही,” शिल्पा म्हणाली. आवाज तोच होता, वांगी झाकायला सांगतानाचा. ह्याचं तिला नंतर नवल वाटलं. “आम्ही बौद्ध. आमच्याकडे सगळं शिजायचं. रविवारी मटण, पावसाळ्यात सुकट. माझी आई ते इतकं चांगलं करायची की शेजारी वासावर यायचे. वडिलांच्या आजारात मी सोडलं आणि मग सुटलंच. पण भाजी करायचा हात मला त्याच ओट्यावरून आलाय.”

कोकिळाचा फोन हळूहळू खाली आला. कोणी काही वावगं बोललं नाही. एक बाई उठली, घरी दूध तापत ठेवलंय म्हणाली. तिच्यामागे आणखी एक गेली. पुढची मुलगी म्हणाली, “मग ताई, सुकट घालून पण होतं का हे?” आणि दोघी-तिघी हसल्या. वच्छलाबाई खुर्चीत बसून होत्या, ऐकत. मग त्यांनी कलाबाईंना विचारलं, “दाना कितला टाकस तू?”

“मूठभर,” आई म्हणाली. “मूठ आपलीच धरायची, लेकराची नाही.”

ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ताटं वाढली गेली. बायका जेवल्या, मागून घेऊन जेवल्या. वच्छलाबाईंनी ताट घेतलं नाही. “माले आज एकादशी शे बेटा,” त्या म्हणाल्या, शिल्पाच्या पाठीवरून हात फिरवत, आणि निघताना कलाबाईंच्या पिशवीत त्यांनी स्वतः वाकून वांगी भरली, नको नको म्हणताना भरली.

परतीच्या गाडीत ऊन पाठीमागून येत होतं. एकादशी. खरंच आहे का, हे फोनमध्ये बघायला दोन सेकंद लागले असते. शिल्पा सकाळचे पोहे आठवू लागली – वच्छलाबाईंच्या हातात बशी होती, हे नक्की, पण ती त्यांची होती की आईला द्यायला आणलेली? चमचा तोंडाकडे गेला होता का? रक्ताच्या नळीवर नाव न लिहिता ती ठेवून द्यावी तसा तो क्षण... कितीही हलवून पाहिला तरी कोणाचा ते कळत नव्हतं.

नरडाण्याच्या कारखान्यांच्या चिमण्या मागे गेल्या. आई म्हणाली, “कशाला सांगत बसली एवढं?”

“तूच तर विचारलं होतंस, घर कोणाचं म्हणून.”

“मी दाण्याचं विचारलं होतं.” आई खिडकीबाहेर बघत होती. “माझ्या दाण्याखाली तू तुझं नाव लिहिलं. प्राचीनं वाचलं तवा लागलं मले. बाकी समदं लोकायले ठावूक राहते, नाहीतर नसते.”

शिल्पाने रुमालातला चमचा चाचपला. म्हणजे एवढं मोठं पाऊल टाकलं असं मला वाटत होतं तेव्हाही मी माझ्याबद्दलच बोलत होते... आणि आई एका मुठीबद्दल. तिला हे लागायला हवं होतं, आणि लागलंही, पण त्या लागण्याखाली काहीतरी मोकळं झालं होतं, आणि त्याला लाज म्हणता येईना. कोकिळाचं रेकॉर्डिंग कुठे जाईल, नाशिकची बाई काय लिहील, वच्छलाबाई उद्या संध्याकाळी ब्लॉग ऐकतील की नाही – सगळे प्रश्न जागेवर होते, एकही सुटला नव्हता. पण भीती वाटावी म्हणून तिने त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा पाहिलं, तरी ती वाटेना.

“आई,” ती म्हणाली, “अंबाडीत तू तांदूळ घालायचीस की ज्वारीच्या कण्या?”

“कण्या.” आई सावरून बसली. “पण आधी भाजून. कोरड्याच. तू तसं नाही लिहिलं.”

“नाही लिहिलं.”

“मंग ऐक,” आई म्हणाली आणि सांगू लागली, आणि शिल्पा ऐकत राहिली. आठ वर्षांत पहिल्यांदाच, एखादी गोष्ट आपल्याला येत नाही ह्याने तिला आत कुठेतरी भूक लागल्यासारखं वाटत होतं.