गुलाबी रेघा

लालासाहेबांना फौजेतून येऊन बारा वर्षं झाली, पण त्यांच्या हाताची शिस्त काही पेन्शनीत निघाली नव्हती. गाडीचं काम काढायचं म्हटलं की आधी अंगण झाडायचं, मग गोणपाट अंथरायचं, मग पाने मापानं मांडायचे. डाळिंबाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढायचं आणि निघालेला प्रत्येक बोल्ट चित्रात त्याच्याच जागी भोक पाडून खोचायचा. कडेगावातली पोरं हसत. म्हणत, "आप्पा बोल्टांचं हळदीकुंकू मांडत्यात." हसू देत. चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात घालवलेल्या या माणसाच्या अंगणात काम संपल्यावर एकही बोल्ट कधी शिल्लक उरला नव्हता, आणि हसणाऱ्यांपैकी कुणाला असं छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

त्या दिवशीचं काम मात्र शिस्तीसाठी नव्हतं, बायकोसाठी होतं. दुसऱ्या दिवशी आटपाडीला अंबूबाईंच्या आईचं वर्षश्राद्ध होतं, आणि अंबूबाईंनी सकाळी भाकरी थापता थापताच सांगून टाकलं होतं, "मी यष्टीनं जाणार हाय. तुमी तुमचं या."

वर्ष झालं, बाई त्या गाडीत बसली नव्हती.

गेल्या पौषात आटपाडीहून मेव्हण्याचा फोन आला होता. आईचं काही खरं नाही, सारखं अंबूचं नाव घेते आहे, असाल तसे निघा. दोघं निघाले. विटा मागं पडलं आणि पुढच्या चढाला गाडीनं दम सोडला. मागं काळा धूर, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, आणि गाडी चालते आहे बैलाच्या पावलानं. चढाच्या मध्यावर ती बंदच पडली. डाळिंबाच्या एका टेम्पोत बसून दोघं आटपाडीला पोचले तेव्हा म्हातारीला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. "अंबू आली का," म्हणून तिनं तीनदा विचारलं होतं, आणि ते अंबूबाईंच्या कानावर घालणाऱ्या बायकांची तिथं काही वाण नव्हती.

तेव्हापासून दवाखान्याला एसटी आणि बाजाराला वडापची जीप. घरात बोलणं होतं, जेवणखाण होतं, पण गाडीचं दार अंबूबाईंनी उघडलं नाही. लालासाहेबांनीही कधी कारण विचारलं नाही. गाडी आपली, चालवणारे आपण, मग बोलायला तोंड कुठून आणायचं? फक्त एक गोष्ट त्यांना वर्षभर कुरतडत होती. जे बिघडलं होतं, ते त्याआधी पंधराच दिवस दुरुस्त होऊन आलं होतं. गाडी कशीबशी घरी आणली, गावातल्या गावात तेवढी फिरवली, पण ते पुन्हा खोलून बघायला वर्षभर त्यांचा हात धजला नव्हता.

डिझेल गाडीचं एक दुखणं असतं. इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळकांड्याला, म्हणजे मॅनिफोल्डला, आतून काजळी धरते. धुराची काजळी आणि तेलाची वाफ मिळून असा काही चिखल होतो की इंजिनाचा श्वासच कोंडतो. सहा वर्षांपूर्वी लालासाहेबांनी स्वतः तो मॅनिफोल्ड काढून, धुऊन बसवला होता. गेल्या वर्षी पुन्हा वेळ आली, तेव्हा नेमकं त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावर पट्टी. म्हणून काम बिरदेवला दिलं.

बिरदेव नात्यानं भाचा नव्हता, पण मामा म्हणायचा. बाप गेल्यावर वाया चाललेलं पोर. लालासाहेबांनी त्याला याच गोणपाटावर बसवून पाना धरायला शिकवला, आणि आज त्याचं तिठ्यावर स्वतःचं गॅरेज होतं, दोन लेकरांचा बाप झाला होता. या घरात त्यानं इतक्या भाकरी खाल्ल्या होत्या की अंबूबाई त्याला न विचारता वाढत. गाडी परत आणली तेव्हा त्यानं मजुरीचं नाव काढू दिलं नाही. "मामांकडनं मजुरी घिऊ व्हय?" म्हणाला, आणि मॅनिफोल्डच्या सांध्यात बसणारं जुनं काळंकुट्ट गॅस्केट हातावर ठेवलं, "ह्ये बघा, नवीन घातलंय." लालासाहेबांनी एका डोळ्यानं बॉनेटखाली पाहिलं. वरच्या दोन बोल्टांवर पिवळी रेघ ओढलेली होती.

त्या रेघेनं त्यांचा ऊर भरून आला होता. फौजेत बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढतात. बोल्ट पुढं कधी फिरला, तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. बिरदेवला त्यांनी पाना शिकवायच्या आधी ही रेघ शिकवली होती. पोरगं विसरलं नाही, असं त्या दिवशी ते अंबूबाईंना दोनदा म्हणाले होते.

आज दोन्ही डोळे शाबूत होते. लालासाहेबांनी बॅटरीची तार सोडली, हवेचा जाड पाइप काढला, पिवळ्या रेघांचे दोन बोल्ट काढून पुठ्ठ्यात खोचले. खरं काम त्याच्या खाली होतं. मॅनिफोल्ड इंजिनाला सात बोल्टांनी बसवलेला असतो आणि ते सगळे खालच्या अंगाला, हात जेमतेम जाईल अशा सांदीत. त्यांनी दाढीचा आरसा खाली धरला, टॉर्चचा उजेड पाडला, आणि रॉकेलच्या फडक्यानं पहिल्या बोल्टावरचा तेलकट मळ पुसला.

खाली काहीतरी चमकलं. गुलाबी.

दुसरा बोल्ट पुसला. गुलाबी, चमकी असलेली. तिसरा, चौथा, सातही. प्रत्येकाच्या डोक्यावरून निघालेली रेघ खालच्या लोखंडापर्यंत सरळ गेलेली. कुठं तुटलेली नाही, कुठं तसूभर सरकलेली नाही.

ती रेघ त्यांनी ओढली नव्हती. सहा वर्षांपूर्वी काम संपता संपता पिवळा रंग संपला होता आणि लेक रेश्मा नखांना लावायची बाटली घेऊन बाहेर आली होती. "आप्पा, ह्यो चालंल का?" त्यांचा हात जात नव्हता तिथं तिची बारीक बोटं गेली आणि तिनं हसत हसत सात रेघा ओढल्या. यात्रेतून आणलेली बाटली इंजिनाला घातली म्हणून अंबूबाईंनी दोघांनाही फैलावर घेतलं होतं. त्याच उन्हाळ्यात रेश्मा लग्न होऊन लोणंदला गेली.

म्हणजे सहा वर्षांत या बोल्टांना कुणी पाना लावलेलाच नव्हता. मग ते जुनं गॅस्केट? कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं. लालासाहेब गोणपाटावर बसले ते बसलेच. गुरूची विद्या गुरूला म्हणतात, पण ती अशी फिरून यावी? केसानं गळा कापला, आणि तो केसही त्यांनीच हातात दिलेला.

"अंबू, जरा भाईर ये," त्यांनी हाक मारली.

"हात पिठाचं हायती."

"आसू देत. ये."

अंबूबाई पदराला हात पुसत आल्या. लालासाहेबांनी आरसा त्यांच्यासमोर धरला. त्या वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यो रेश्मीचा रंग न्हवं?"

"तोच. बोल्ट फिरला आसता तर रेघ तुटली आसती. ह्ये कुणी खोललंच न्हाई, अंबू. बिरदेवनं हात बी लावला न्हाई."

अंबूबाई सावकाश सरळ झाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "आन तुमी?"

"मी काय?"

"तुमी मागनं खोललं न्हवतं?"

"डोळ्यावर पट्टी हुती माझ्या. मी काय खोलतोय? तुला कुणी सांगितलं?"

"बिरदेव म्हणला," त्या म्हणाल्या. "आईच्या दहाव्याला आल्ता, तवा. म्हणला, मामी, मी समदं नवं करून दिल्यालं. पर मामांच्या हाताला चैन कुठं हाय. एका डोळ्यानं मागनं काय तरी खोललं आसंल."

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लालासाहेबांनी पुष्कळ पाहिले होते. हा वासे मोजून थांबला नव्हता, आढ्यालाच करवत लावून मोकळा झाला होता. आणि त्या करवतीचा आवाज वर्षभर याच घरात होता, फक्त त्यांना तो ऐकू आला नव्हता. कारण ज्या माणसाला तो ऐकू येत होता, ते माणूस बोललं नव्हतं.

त्यांनी बिरदेवला फोन केला. "मॅनिफोल्ड धराय ये," एवढंच म्हणाले.

तो दहा मिनिटांत आला, मोटरसायकल भिंतीला लावता लावता म्हणाला, "मामी, च्या ठिवा," आणि सवयीनं वाकून पाना उचलला. लालासाहेबांनी त्याच्या दुसऱ्या हातात आरसा दिला. बिरदेवनं खाली पाहिलं. उस्ताद पिवळाच रंग लावतो हे त्याला पाठ होतं. गुलाबी त्याच्या हिशेबात नव्हता.

"हंगाम हुता, मामा," पाना तसाच हातात धरून तो म्हणाला. "उसाच्या टॅक्टरांची रांग लागल्याली. वरनं नुस्ता सफाईचा फवारा मारला. म्हणलं हंगाम सरला की खोलू."

"मग पिवळी रेघ कशाला वडलीस?"

"तुमी रेघ बघणार, ठावं हुतं."

"आन मामीला सांगितलंस त्ये?"

बिरदेवनं अंबूबाईंकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "लय भ्यालो, मामा. म्हातारी गेली आन मला काय सुचंना. तुमी मला परत दारात उभं केलं नसतं."

"पाना ठिव," लालासाहेब म्हणाले. "आन जा."

त्यानं पाना ठेवला. तोही मापानं, त्याच्या जागी ठेवला. शिकवलेलं हातातून जात नाही हे पाहून लालासाहेबांना जास्तच राग आला. चहा ठेवायला कुणी आत गेलं नाही.

मग त्यांनी एकेक रेघ तोडली. सात बोल्ट निघाले, मॅनिफोल्ड बाहेर आला. अंगठ्याएवढी वाट उरायला हवी तिथं करंगळी शिरेना, इतकी काजळी. इंजिनाच्या चार उघड्या तोंडांत त्यांनी एकाच दोऱ्याला बांधलेली चार फडकी कोंबली, म्हणजे आत काही पडायला नको आणि फडकंही विसरायला नको. डिझेल, ब्रश, खराट्याच्या काड्या. दुपार टळेपर्यंत ते घासत होते. काळा चिखल परातभर निघाला. इतकी घाण पोटात घेऊन गाडी त्या चढापर्यंत गेली हेच नवल होतं.

बसवायच्या वेळेला दोन माणसं लागतात, एकानं मॅनिफोल्ड धरायचा आणि दुसऱ्यानं बोल्ट लावायचे. अंबूबाई न बोलावता आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला. लालासाहेबांनी फडकी मोजून काढली, नवं गॅस्केट बसवलं, मधला बोल्ट लावला. मधून सुरुवात करायची आणि दोन्हीकडं सरकत जायचं, थोडं थोडं आवळत. चौथ्या बोल्टाला त्यांनी विचारलं.

"एकतीस वर्सं झाली लग्नाला. मला का इचारलं न्हाईस?"

अंबूबाईंचे हात जागचे हलले नाहीत. "इचारलं आसतं तर तुमी न्हाई म्हणला आसता."

"मग?"

"मग मला त्ये खरं वाटलं आसतं. आईनं तीनदा नाव घ्येतलं माझं. त्येचा राग मी कुणावर काढला आसता?"

लालासाहेबांनी पाचवा बोल्ट लावला. सहावा लावला. बिरदेव भिऊन खोटं बोलला, हे त्यांना कळत होतं. उद्या परवा कदाचित मनातून जाईलही. पण त्याचं खोटं विकत घेणारं गिऱ्हाईक घरातलंच निघालं, आणि तेही, विचारलं तर खरं कळेल हे माहीत असून, न विचारता. हे कुठं ठेवायचं ते त्यांना कळेना. त्यांना सरळ सरळ दुखलं.

काम संपलं तेव्हा अंबूबाई आत गेल्या आणि रेश्माच्या जुन्या डब्यातून ती बाटली घेऊन आल्या. आतला रंग वाळून खडा झाला होता.

"ऱ्हाऊ दे," लालासाहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बोल्ट बिनरेघेचे सोडले.

चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला लागली, मागं धुराचा ठिपकाही नाही. अंबूबाई दारात उभ्या होत्या. वर्षभर लालासाहेबांनी जे ऐकायची वाट पाहिली होती, ते त्या म्हणाल्या, "उद्या गाडीनंच जाऊ."

लालासाहेबांनी बॉनेट खाली टाकलं आणि रॉकेलच्या फडक्यानं एकेक बोट पुसलं.

"तू यष्टीनं जा," ते म्हणाले. "मी येतो मागनं."

सकाळी अंबूबाई आटपाडीच्या एसटीत बसल्या आणि लालासाहेब रिकामी गाडी घेऊन तिच्या मागं निघाले. विटा गेलं, चढ लागला. एसटी कण्हत चढत होती, आणि गाडीला मात्र पाय लावायचा अवकाश, ती पुढं झेप घ्यायला बघत होती. समोरून काही येत नव्हतं. मागच्या खिडकीतून अंबूबाईंनी डोकं बाहेर काढून वळून पाहिलं. लालासाहेबांनी गिअर पाडला, आणि चढ संपेपर्यंत मधलं अंतर होतं तेवढंच ठेवलं.