माप इथलं, खरेदी तिथली

पाण्याखाली जायचा मास्क नुसता बघून घेता येत नाही. तो चेहऱ्याला लावायचा, पट्टा डोक्यामागे न ओढता नाकाने श्वास आत घ्यायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला तर तो आपला, पडला तर दुसरा लावून बघायचा. गोष्ट साधी आहे, पण त्यासाठी दुकान लागतं, दुकानात नाना तऱ्हेचे मास्क लागतात आणि ते पुसून पुन्हा मांडून ठेवणारी एक बाई लागते.

ती बाई मी. गिऱ्हाईक येतं, आरशासमोर बेडकासारखं तोंड करून उभं राहतं, आपल्या नाकाचा मास्क सापडला की खूश होतं आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणून बाहेर पडतं. काय विचार करतं ते मला काचेतून दिसतं. आमच्याच पायरीवर उभं राहून मोबाइलवर तोच मास्क मागवतं. निदान कोपऱ्यापर्यंत तरी जा की बाबा!

दुकान माझ्या थोरल्या भावाचं आणि माझं. दादाची उमेदीची वर्षं लोकांना समुद्राखाली न्यायला शिकवण्यात गेली आणि नंतरची मागच्या खोलीत कॉम्प्रेसरशेजारी, सिलिंडरमध्ये हवा भरण्यात. एक कान पाण्याने नेला, दुसरा कॉम्प्रेसरने. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून ड्रॉवरमध्ये पडून आहे. दादाशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. घरात आम्ही दोघंच, तरी आमचं गुपित असं काही उरलेलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर दुकानाशेजारच्या शिंप्यालाही कळतं.

त्या दिवशी माझी हीच पंचाईत होती. मला दादाला एक गोष्ट सांगायची होती, ती हळूच सांगायची होती, आणि संध्याकाळपर्यंत सांगायची होती.

झालं होतं असं. ऑनलाइन वस्तू घरपोच येते, पण तिच्याबरोबर समजावून सांगणारा माणूस येत नाही. खोकं उघडलं की लोकांना प्रश्न पडतात. ही नळी कुठे लावायची? रबरी सूटची चेन पुढे येते की पाठीवर? मग ते आम्हाला फोन करतात. नंबर त्यांना दादाच देतो. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने निघालं तरी हा दारापर्यंत पोचवायला जाणार आणि सांगणार, “काही अडलं तर फोन करा हं.” फोन अर्थातच मी घेते. एकदा एका गृहस्थाला पाठीवरची चेन समजावता समजावता माझा चहा गार झाला, आणि शेवटी कळलं की तो सूट त्याचा नव्हताच, बायकोचा होता.

हा फुकटचा कारभार वर्षानुवर्षं चालला. मग त्या ऑनलाइन दुकानात एका रेग्युलेटरखाली, म्हणजे ज्यातून पाण्यात श्वास घेतात त्या यंत्राखाली, कुणीतरी लिहिलं, ‘वस्तू चांगली आहे. माहितीपत्रक कळत नाही. या नंबरवर फोन करा, बाई खेकसतात पण सगळं नीट सांगतात.’ खाली आमचा नंबर! गेल्या आठवड्यात त्याच कंपनीतल्या एका मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, “ताई, तुम्ही आमचंच काम करताय. मग पगार घेऊनच करा ना.” काम त्यांच्या ऑफिसात, दुसऱ्या शहरात. राहायची सोय ते करणार. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि लोकांचे फोन घ्यायचे.

आधी मला राग आला. आमचं गिऱ्हाईक नेलं, आता मलाही नेताय? दुसऱ्या दिवशी राग गेला आणि लाज वाटायला लागली, कारण मला जावंसं वाटत होतं. खरंच जावंसं वाटत होतं. कुणी न घेतलेले मास्क पुसून मी कंटाळले होते. ओरडून ओरडून घसा बसला होता. पण मी गेले तर दादाचं काय? रेग्युलेटर दुरुस्त करताना हवा कुठे सूं सूं करतेय ते मी ऐकते. दारात गिऱ्हाईक उभं आहे ते मी सांगते. मी गेले तर दुकान बंद होणार, आणि दुकान बंद झालं तर या माणसाला दिवसभर करायला दुसरं काही नाही. हे सगळं त्याच्या तोंडावर ओरडून सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. रोज सकाळी ठरवत होते आणि रोज रात्री तशीच झोपत होते.

आणि आज मॅडमना उत्तर द्यायचा शेवटचा दिवस असताना नेमके एक धिप्पाड गृहस्थ आले.

त्यांना सूट हवा होता. रबराचा सूट अंगात चढवणं म्हणजे उशीला दोन मापं लहान अभ्रा घालणं. दादा स्वतः गुडघ्यांवर बसून त्यांच्या पोटऱ्यांवरून सूट वर ओढत होता. पहिला मांडीत अडला. दुसरा चढला, पण गळ्याशी आवळला. तो उतरवताना दोघंही घामाघूम झाले. तिसरा बसला. गृहस्थांनी हात हलवून पाहिले, वाकून पाहिलं, समाधानाने पोटावरून हात फिरवला. मग पडदा ओढून घेतला, आणि पडद्याआडून मला मोबाइलचा ‘खच्’ असा आवाज आला. मापाच्या चिठ्ठीचा फोटो!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “अहो साहेब,” मी म्हटलं, “फोटोच काढायचा होता तर आधी सांगायचं. माझ्या भावाचे गुडघे तरी वाचले असते!”

मग ते कपडे करून बाहेर आले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “नाही हो ताई, तसं नाही... तिकडे जरा स्वस्त मिळतो, म्हणून...”

दादाला माझे शब्द ऐकू गेले नव्हते, पण मोबाइल दिसला होता. तो मजेत म्हणाला, “ऑनलाइन घेताय? घ्या, घ्या. पण त्या कंपनीचा नवा माल अंगाला लहान बसतो. एक माप मोठं मागवा. काही अडलं तर फोन करा हं.”

गृहस्थ माझ्याकडे न बघता सटकले. मी कपाळाला हात लावला.

“फोन करा!” मी ओरडले. “आणि तो घ्यायचा कुणी?”

“तू.”

“आणि मी नसले तर?”

“अगं धाकटे, चिडतेस काय? चुकीचा सूट घालून गेला तर पाण्यात गारठेल तो.” दादा सूट उलटा करून हँगरला लावत होता. “आपल्याकडे घेतला नाही म्हणून गारठू द्यायचा का?”

मला त्याचा राग आला होता आणि तितकीच माया आली होती. तेवढ्यात फोन वाजला. दादा सूटच्या बाह्या सरळ करत राहिला. फोन मॅडमचा होता.

“ताई, काय ठरलं मग? मला आज नाव पुढे पाठवायचंय.”

“जरा थांबा,” मी म्हटलं. मी काही बोलतेय हे दादाला माझ्या तोंडाकडे बघून कळलं. त्याने भुवया उंचावल्या.

“कोण आहे?”

एवढे दिवस मी जी वेळ शोधत होते ती काही आली नाही. मी फोन हातात धरूनच ओरडले, “दादा, मला नोकरी मिळतेय! ऑनलाइनवाल्यांकडे! फोन घ्यायची! दुसऱ्या शहरात!”

शेजारी शिलाई मशीन थांबलं. मॅडमनीही सगळं ऐकलं असणार. दादा हँगर हातात धरून उभा होता.

“कायमची?” त्याने विचारलं.

“हो!”

“पगार वेळेवर देतात?”

“देतात म्हणे!”

“मग जा.”

“आणि दुकान?”

“मी आहे की.”

“तुला हवा गळताना ऐकू येत नाही, दादा!”

“बादलीत बुडवून बघतो. बुडबुडे दिसतात. डोळे आहेत ना अजून?” मग म्हणाला, “फोन तेवढा काढून टाकू. उगाच वाजत बसेल, आणि लोकांना वाटेल आम्ही उचलत नाही.”

त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. पण हँगर दांडीला अडकवताना त्याचा नेम दोनदा चुकला. मला वाटलं, आत्ता तो ‘नको जाऊस’ म्हणाला तर मी राहीन, आणि जन्मभर त्याच्यावर चिडत राहीन. तिसऱ्यांदा हँगर नीट बसला. मग तो मागच्या खोलीत गेला आणि त्याने कॉम्प्रेसर चालू केला. आज भरायला एकही सिलिंडर आलेला नव्हता.

मी फोन कानाला लावला. “येते मी,” म्हटलं.

“छान झालं!” मॅडम म्हणाल्या. “बाकीचं सगळं नंतर बघू. फक्त घरच्या एका माणसाचा नंबर द्या. तुम्हाला तिकडे काही झालं, बरंबिरं नसलं, तर कळवायला कुणीतरी लागतं.”

मला कुणी दुसरं आठवेना. आहे कोण दुसरं? मागच्या खोलीत कॉम्प्रेसर धडधडत होता. इतके दिवस मी दुकानाचा विचार केला, त्याच्या गुडघ्यांचा केला, हवा गळेल त्याचा केला. दिवसभर साऱ्या जगाचे फोन मी घेणार आणि माझ्या भावाला मात्र मला फोन करता येणार नाही, हे आत्ता लक्षात आलं.

“ताई? ऐकताय ना?”

“हो,” मी म्हटलं. “माझ्या भावाचं नाव लिहा. पत्ता दुकानाचा. पण त्याला फोन करून उपयोग नाही. माणूस पाठवावा लागेल.”