निम्म्या विजेवरचा मिक्सर

मामाच्या कारखान्यातला मिक्सर सुरू झाला की शेजारचे लोक फोनवरचं बोलणं आटोपतं घेतात. मामा याला दर्जा म्हणतो. गिऱ्हाईक याला आवाज म्हणतं आणि दुसरा मिक्सर घेतं. परदेशातल्या प्रदर्शनात ऑर्डर मिळाली नाही तर कारखान्याला कुलूप लागणार होतं. म्हणून मामा निघाला. तिकडची भाषा येते म्हणून मलाही नेलं.

"मामा, तिकडे व्होल्टेज निम्मं असतं."

"अॅडाप्टर घेतलाय ना."

"त्यानं फक्त पिनांचा आकार बदलतो."

"मोटारी कोण बनवतं? तू का मी?"

विषय संपला. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो, कारण त्याच्यावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. मिक्सरवर फक्त 'दोनशे तीस' होतं, आणि तेही मामानंच छापून घेतलेलं.

प्रदर्शनात गर्दी जमली. मामानं भांड्यात केळं टाकलं, झाकण छातीनं दाबून धरलं, मला कानांत बोटं घालायला लावली आणि बटण फिरवलं. मिक्सर गुणगुणला. भाड्याची खोली बघायला आल्यासारखं पातं केळ्याभोवती फिरून आलं.

गर्दी पांगली. एक बाई तेवढ्या थांबल्या. लहान मुलांना स्वयंपाक शिकवायचे वर्ग त्या शहरभर चालवत होत्या. त्यांनी झाकण काढून पात्यात पेन्सिल घातली. पातं अदबीनं थांबलं.

"असे शेकडो घेईन," त्या म्हणाल्या. मी मामाला सांगितलं. मामाला उचकी लागली.

आता फक्त गप्प बसायचं होतं. मामाला तेवढं जमत नाही.

"बाईंना सांग, हा मुळात असा नाही. वीज अपुरी पडली म्हणून मवाळ झालाय. कुणी हाच नेऊन पूर्ण व्होल्टेजवर लावला तर पोरांची बोटं जातील."

"मामा, ऑर्डर जाईल."

"जाऊ दे. ऑर्डर काय, पुन्हा उगवते. सांग, गाढवा."

सांगितलं. बाईंना पटेना. मग शेजारच्या स्टॉलवरून व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. दिसायला डब्याएवढा, उचलायला कपाटाएवढा. मामानं बटण फिरवलं. समोरच्या स्टॉलवरची माणसं टेबलाखाली गेली. झाकण उडालं. केळं भांड्यात नव्हतं, बाईंच्या कोटावर होतं.

बाईंनी शांतपणे कोट पुसला.

"मला मघाचाच हवा. इथल्या व्होल्टेजचा, आणि कुठेही लावला तरी दुबळाच राहील असा. बनवता येईल?"

मी मामाला समजावून सांगितलं. दगडाचं पीठ करील असा मिक्सर बनवण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसानं उडालेलं झाकण शोधून भांड्यावर बसवलं.

"बाईंना म्हणावं, येईल. पण दर जास्त पडेल. ताकदीचा काय, कुणीही बनवतं."